क्लॉन्डाइकचा सुवर्णहंगाम

थोड्या माणसांनीं, थोड्या दिवसांत करावयाच्या खाणकामाचा बेत किती बारकाईनें आंखतां येतो, आणि तरीही त्यांतून काय सुटून जातें, हें पाहावयाचें असल्यास कॅनडाच्या वायव्य टोकास असलेल्या क्लॉन्डाइक खोऱ्याचा इतिहास वाचावा. 1896 च्या ऑगस्टमध्यें तेथील एका ओढ्यांत सोनें सांपडलें. त्याचें जुनें नांव ‘रॅबिट क्रीक’ जाऊन ‘बोनान्झा’ हें नवें नांव रूढ झालें. पुढें दोन वर्षांत हजारों लोक तिकडे धांवले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें त्यांच्या कामाच्या हंगामाविषयीं.

तेथील जमीन बारमास गोठलेली असते. सोनें असे ती खडकालगतच्या वाळूंत, म्हणजे कित्येक हात खोल. उन्हाळ्यांत खणूं जावें, तर वरचा थर वितळून खड्ड्यांत पाणी भरे. म्हणून खाणकऱ्यांनीं उलटा क्रम धरिला. हिवाळ्यांत सायंकाळीं खड्ड्यांत लांकडें पेटवावयाचीं, रात्रभर जाळ ठेवावयाचा, आणि सकाळीं जेवढी माती सैल होईल तेवढी हातरहाटानें वर काढून ढीग घालावयाचा. असें महिनोन् महिने चाले. वसंतांत ओढे वाहूं लागले म्हणजे तो ढीग लांकडी पन्हळींतून धुवावयाचा. जड सोनें तळच्या आडव्या पट्ट्यांपाशीं अडके, माती वाहून जाई. वर्षाची सारी मिळकत ह्या थोड्या आठवड्यांत हातीं यावयाची. आमच्या कोंकणांत आगोठीची बेगमी करितात, तशी येथें वर्षाची बेगमी आधीं करावी लागे. घाटमाथ्यावरील पोलीस तर 1898 सालीं वर्षभराची शिधासामग्री पाहिल्यावांचून कोणास पुढें जाऊं देत नसत. सरकारनें 1897 सालीं सोन्यावर शेंकडा 10 प्रमाणें पट्टी बसविली, तीही हिशेबांत धरावी लागे.

लांकूड मात्र तोडण्याच्या श्रमांपलीकडे कोणी मोजलें नाहीं, व पाणी तर मुळींच नाहीं. थंडीमुळें तेथील झाडें अत्यंत मंद वाढतात. जाळासाठीं, पन्हळींसाठीं, झोंपड्यांसाठीं टेंकड्या उघड्या पडल्या. शेवाळाचें आच्छादन गेलें तेथें गोठलेली माती सुटली, आणि धुण्याचा गाळ सरळ नदींत उतरला. एका टोळीचा गाळ तो किती? परंतु शेजारच्या प्रत्येक टोळीचें गणित हेंच होतें.

नदीचाही एक हंगाम होता. ‘क्लॉन्डाइक’ हा शब्द हान भाषेंतील ‘ट्रॉन्डेक’ ह्याचा अपभ्रंश होय. साल्मन मासे अडविण्यासाठीं नदीच्या मुखाशीं मेखा ठोकीत, त्यावरून तें नांव पडलें. म्हणजे ज्या नांवाच्या जपानें जग वेडें झालें, तें मुळांत कोळ्यांच्या कामाचें नांव! तेथील ट्रॉन्डेक ह्वेचिन लोकांस आपली मासेमारीची जागा सोडून मुख्य आयझॅक ह्यांच्या नेतृत्वाखालीं 1897 सालीं खालच्या अंगास मूसहाइड येथें वस्ती करावी लागली. त्यांची नुकसानी कोणत्याही खाणकऱ्याच्या वहींत खर्ची पडली नाहीं, आणि आमच्या मतें हीच त्या बेताची खरी खोट होती.

पुढें लहान टोळ्या मागें पडून कंपन्यांचीं प्रचंड तरतीं खोदयंत्रें आलीं. त्यांनीं 1966 पर्यंत दरीचा तळ उलथापालथा केला. त्यांनीं टाकलेले दगडगोट्यांचे नागमोडी ढीग अद्याप डॉसन शहराजवळ दिसतात. 2023 सालीं युनेस्कोनें ट्रॉन्डेक-क्लॉन्डाइक ह्या जोडनांवानें तो प्रदेश जागतिक वारसा म्हणून मानिला.

लहान हंगामी खाणी तेथें आजही चालतात. आतां त्यांस पाण्याचा परवाना लागतो, आणि गढूळ पाणी तळ्यांत निवळवावें लागतें. बेत करितांना सोन्याआधीं ह्या तळ्यांची जागा ठरवावी लागते. तथापि युकॉन नदींतील चिनूक साल्मन इतका घटला आहे कीं 2024 सालीं कॅनडा व अलास्का ह्यांनीं त्याची मासेमारी सात वर्षें थांबविण्याचा करार केला. ह्यास केवळ खाणीच कारण नव्हेत, समुद्रांतील फेरबदलही आहेत. पण मेखा ठोकणाऱ्यांच्या वंशजांस मात्र ह्या वर्षांत रिकामीं जाळीं पाहत बसणें प्राप्त आहे.