नऊ भिडूंचा मेळ



कबड्डीचा संघ निवडायची वेळ आली की गावोगाव तोच वाद रंगतो. कुणी म्हणतो, धिप्पाड गडी घ्या. कुणी म्हणतो, चपळ पोरं घ्या. जुना जाणता माणूस मात्र एवढंच विचारतो, "आपल्याकडे चढाईला किती आणि पकडीला किती?" संघबांधणीचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे. अमेरिकेत बेसबॉल या खेळात हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या घोळला. त्याचा इतिहास ऐकण्याजोगा आहे. कारण त्यात माणसाच्या किमतीचाही प्रश्न गुंतलेला आहे.

बेसबॉल हा क्रिकेटसारखाच चेंडू-दांड्याचा खेळ. संघ नऊ जणांचा. एक जण चेंडू फेकतो, एक फलंदाजाच्या मागे बसून तो झेलतो, चौघे आतला चौकोन राखतात आणि तिघे दूर मैदानात उभे असतात. प्रत्येक जागेचे काम निराळे. नऊच्या नऊ नामांकित फलंदाज गोळा केले, तरी चेंडू फेकणारा चांगला नसेल तर सगळे पाण्यात!

हे संघ धंदेवाईक क्लबांचे. खेळाडूच्या करारात एक कलम असे. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क त्याच क्लबचा. मग मालकाने त्याला ठेवावे, विकावे, नाहीतर दुसऱ्याशी बदलून घ्यावे. 1919 च्या डिसेंबरात बोस्टनच्या मालकाने बेब रूथ हा असामान्य खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकीज क्लबला एक लाख डॉलरला विकला. 1918 साली अजिंक्य ठरलेल्या बोस्टनला पुढचे अजिंक्यपद मिळायला 2004 साल उजाडले. सगळा दोष त्या एका सौद्याचा नव्हे. पण हातचा माणूस घालवताना विचार किती करावा, हे सांगायला तिथले लोक आजही त्याचाच दाखला देतात.

हा विचार ज्यांनी पद्धतशीर केला, ते ब्रँच रिकी. जन्म 1881, ओहायो राज्यातल्या शेतकरी कुटुंबात. 1917 मध्ये ते सेंट लुईसच्या कार्डिनल्स क्लबात आले. क्लबाच्या तिजोरीत खडखडाट! श्रीमंत क्लब तयार खेळाडू विकत घेत. यांना ते परवडेना. तेव्हा रिकींनी शेतकऱ्याची युक्ती केली. बाजारात पीक घेता येत नसेल, तर रोपे आपणच लावावीत. लहान गावांतले लहान क्लब त्यांनी हाताशी धरले आणि तिथे कोवळी पोरे तयार केली. या पद्धतीला नावही 'फार्म', म्हणजे शेत, असेच पडले. कार्डिनल्सनी 1926, 1931, 1934 आणि 1942 साली अजिंक्यपद मिळवले.

पण या शेतात एक खोट होती. शेकडो मुले एकाच मालकाच्या दावणीला बांधली गेली. वर जागा नाही आणि दुसरीकडे जायची मुभा नाही! अखेर 1938 मध्ये बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी कार्डिनल्सच्या सत्तरहून अधिक खेळाडूंना मोकळे केले.

1942 च्या अखेरीस रिकी ब्रुकलिनच्या डॉजर्स क्लबात गेले. त्या काळी मोठ्या क्लबांत काळ्या खेळाडूंना प्रवेश नव्हता. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. रिकींनी 1945 मध्ये जॅकी रॉबिन्सन यांना करारबद्ध केले आणि 15 एप्रिल 1947 रोजी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरले. रिकींना यात न्याय दिसत होता आणि विजयही. इतरांनी दाराबाहेर ठेवलेले गुण त्यांनी आत घेतले. मात्र ज्या काळ्या खेळाडूंच्या क्लबातून रॉबिन्सन आले, त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सना त्यांनी एक छदामही दिला नाही. हेही इतिहासाने नोंदवायला हवे.

आता मेळ कसा बसवला ते पाहा. रॉबिन्सन दुसऱ्या ठाण्याचे खेळाडू. पण तिथे एडी स्टँकी होते. म्हणून पहिल्या वर्षी रॉबिन्सन यांना पहिल्या ठाण्यावर उभे केले. 1948 मध्ये स्टँकींना बोस्टनच्या दुसऱ्या क्लबाकडे, ब्रेव्हजकडे, धाडले आणि रॉबिन्सन आपल्या जागी आले. डिक्सी वॉकर हे प्रेक्षकांचे लाडके फलंदाज. पण वय 37 आणि रॉबिन्सन यांच्याबरोबर खेळण्याची नाखुशी. 1947 च्या डिसेंबरात त्यांना आणखी दोघांसह पिट्सबर्गला देऊन रिकींनी चेंडू फेकणारे प्रीचर रो आणि तिसरे ठाणे राखणारे बिली कॉक्स आणले. नावाजलेला माणूस गेला, पण दोन भगदाडे बुजली. पुढे 1951 मध्ये या रो यांनी 22 सामने जिंकून दिले आणि फक्त 3 गमावले. ब्रुकलिनने 1955 मध्ये अजिंक्यपद जिंकले, तेव्हा रिकी तिथे नव्हते. पण संघाचा पाया त्यांचाच होता.

आता दुसरी बाजू. 1956 च्या डिसेंबरात खुद्द रॉबिन्सन यांचाच सौदा झाला, तोही प्रतिस्पर्धी जायंट्स क्लबाशी! ते गेले नाहीत. खेळ सोडायचे त्यांनी आधीच ठरवले होते. 1969 मध्ये कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूला न विचारता सेंट लुईसहून फिलाडेल्फियाला देण्यात आले. मी विकायची-घ्यायची वस्तू नाही, अशी भूमिका घेऊन ते कोर्टात गेले. रॉबिन्सन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड पाच विरुद्ध तीन मतांनी हरले. पण 1975 च्या अखेरीस दुसऱ्या दोन खेळाडूंच्या तक्रारीवर लवादाने निकाल दिला आणि ते जुने कलम ढिले पडले. खेळाडूला आपला क्लब निवडण्याची वाट खुली झाली.

मालकांना भीती होती की आता खेळ बुडणार. तो बुडाला नाही. अदलाबदल आजही होते, करार होतात. फरक एवढाच की हिशेबात आता खेळाडूचाही शब्द असतो.

शाळेचा संघ निवडणाऱ्या गुरुजींनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आधी रिकामी जागा पाहावी, मग नाव. आणि ज्याला त्या जागी उभे करायचे, त्याला एकदा विचारावे, "बाळ, तुला कुठे खेळायला आवडेल?" बैलाची जोडी जुळवताना हे विचारता येत नाही. माणसांची जुळवताना विचारलेच पाहिजे.