तुपाची शाई

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातला शिळाछाप पाहून गणपत कृष्णाजींना त्याचा ध्यास लागला. लाकडी यंत्र त्यांनी स्वतः बनविले, दगडाचे तुकडे जमवून ठसे घेऊन पाहिले, शाईही आपणच घोटली. ओला दगड तेलकट शाई झिडकारतो, तेलकट रेघ ती धरून ठेवते, एवढेच या विद्येचे मर्म. पण शिळेवर थेट लिहायचे तर अक्षर उलटे! (आमच्या डोंबिवलीच्या शाळेत मुले बटाट्यावर नाव कोरतात, तेव्हा पहिला ठसा हटकून उलटा उमटतो नि वर्गात हशा पिकतो.) खरी अडचण पुढेच होती. काढायचे होते पंचांग. आणि शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवेनात. तेव्हा शाईत तूप घातले, असे सांगतात. १८३१ साली ते पंचांग निघाले, मराठीतले पहिले छापील.