धोंडीचा बेडूक

पाऊस लांबला की आमच्या लहानपणी शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीत धोंडी निघायची. एखाद्या पोराला कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळायचं, काठीला पाल्यातच बेडूक बांधायचा आणि गाणं म्हणत दारोदार फिरायचं. बाया कळशीभर पाणी ओतायच्या, सुपातून ज्वारी घालायच्या. बेडूक मिळवणंच अवघड. त्या दिवसांत तो काळ्या जमिनीच्या भेगांत नाहीतर विहिरीच्या कपारीत दडलेला. हा मान त्याला कितपत रुचत असेल, कोण जाणे. फेरी संपली की आजी त्याला विहिरीवर नेऊन सोडायला लावायची.

त्याच काळात देशात बेडकाच्या तंगड्यांचा मोठा धंदा चालू होता. पहिल्या पावसात ज्याचा नर पिवळाधमक होतो, तो मोठा बेडूक पकडून त्याच्या तंगड्या गोठवून परदेशी पाठवायच्या. 1981 च्या सुमारास हा माल वर्षाला 4,000 टनांवर गेला होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी 1985 साली सोसायटीच्या जर्नलमध्ये या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. कीड खाणारा प्राणी विकायचा आणि मग कीटकनाशक विकत आणायचं, या व्यवहारावर तेव्हा बरीच टीका होत होती. त्याच वर्षी हा बेडूक साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला, 1987 मध्ये भारताने निर्यात थांबवली. युरोपातल्या ताटांची सोय मग इंडोनेशियाने केली.

म्हणजे बेडूक वाचला. त्याचं डबकं मात्र कोणत्याच परिशिष्टात नव्हतं.

हा बेडूक अंडी घालतो ती उथळ, चार-दोन महिन्यांच्या पाण्यात. कारण साधं आहे: बारमाही पाण्यात मासे असतात, आणि मासे त्याची पिल्लं खातात. शहाद्याच्या रस्त्याकडेला अशा खोलगट जागा पुष्कळ असायच्या. कुणी तिथून माती उचललेली, कुठे नुसतंच पाणी साचायचं. सातबाऱ्यावर ती पडीक. पडीक जमीन एन.ए., म्हणजे बिगरशेती, व्हायला वेळ लागत नाही. मुरूम पडतो, रोलर फिरतो, चुन्याने प्लॉट आखले जातात.

शेततळी झाली ना, असं कुणी म्हणेल. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेत ती खोदली गेली, आणि केळी-पपईवाल्यांना त्यांचा आधारही झाला. पण तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाच्या उभ्या, गुळगुळीत कडांवरून बोटाएवढं पिल्लू वर येणार कसं? दगड-फांद्या टाकून एखादी उतरती वाट ठेवली तरी भागतं. कागद फाटेल, या भीतीने कुणी ठेवत नाही, आणि ती भीती खोटीही नाही.

ब्रिटनमध्ये वसंतात लोक रात्री बादल्या घेऊन भेकांना रस्ता ओलांडून देतात. आमच्याकडे हे सांगितलं तर हसतील. पण मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के खुली जागा आपल्याकडेही सोडावी लागतेच. ती सर्वांत सखल कोपऱ्यात टाका आणि तिथे भराव घालू नका, एवढंच माझं मागणं आहे. दोन पावसाळी महिने पाणी राहिलं की पुरे. अडचण एकच: आराखडा काढणारा जागा पाहायला एप्रिलमध्ये येतो. सखल कोपरा त्याला तेव्हा दिसत नाही, आणि गावातल्या कुणाला तो विचारतही नाही.