दिनविशेष : ११ एप्रिल – जेम्स पार्किन्सन यांचा जन्म (१७५५)

लंडनच्या हॉक्स्टन भागातला हा डॉक्टर साठी ओलांडल्यावर, १८१७ साली, एक छोटेखानी पुस्तक लिहितो. विषय : अंग थरथरण्याचा विकार. आधार अवघ्या सहा रुग्णांचा, त्यातले काही तर नुसते रस्त्यात दिसलेले! पण नजर विलक्षण. हात स्वस्थ असतानाच होणारा कंप, पुढे झुकलेले शरीर, चालता चालता पावले आपोआप धावू लागणे, सारे त्यात आहे. एका रुग्णाचा तोल सावरेपर्यंत मदतनीस त्याच्या खांद्यांवर हात ठेवून समोर उभा राही. मग रुग्ण निघे तो थेट धावतच.

दोष मानेतल्या मज्जारज्जूत असावा, हा पार्किन्सन यांचा तर्क मात्र चुकला. मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर भागातल्या, डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या चेतापेशी मरतात, हे विसाव्या शतकात उलगडले. त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेल्यावरच कंप दिसू लागतो, म्हणूनच निदान उशिरा होते. डोपामिन थेट दिले तर मेंदूत शिरत नाही; लेव्होडोपा शिरते आणि तिथे त्याचे डोपामिन होते. साठच्या दशकापासून या औषधाने खिळलेली माणसे पुन्हा चालू लागली. पेशींची झीज मात्र ते थांबवत नाही.

या विकाराला पार्किन्सन यांचे नाव दिले फ्रान्सचे चेतातज्ज्ञ शार्को यांनी. आपल्याकडे कंपवातावर आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपाच असते. पार्किन्सन यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हाच जागतिक पार्किन्सन दिन.