कावळा, फांदी आणि क्लिक

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, ही म्हण आपण सगळेच शाळेत शिकलो. नोकरीला लागल्यावर मात्र विसरलो. समोर एक्सेलची शीट उघडलेली असते, तिच्यात 'जाहिरातीवर इतके क्लिक, त्यातून इतकी विक्री' असं ठळक अक्षरात लिहिलेलं असतं आणि फांदी कावळ्यानेच मोडली यावर आपला चटकन विश्वास बसतो!

सर्च इंजिनवर पैसे देऊन केलेल्या जाहिरातींचा इतिहास वाचताना मला ही म्हण सारखी आठवत होती. आज आपल्यापैकी कितीतरी जणांचं स्टार्टअप, बायकोचा घरगुती व्यवसाय नाहीतर मित्राचे क्लासेस यांचे पैसे या जाहिरातींवर खर्च होतात. बजेट छोटं असतं, त्यामुळे चूक महागात पडते. म्हणून या वीकएंडला हा विषय घेतला. 'यशाच्या दहा टिप्स' मात्र यात नाहीत, आधीच सांगतो.

तर सुरुवात १९९८ सालापासून. कॅलिफोर्नियातल्या बिल ग्रॉस नावाच्या उद्योजकाने गोटू डॉट कॉम हे सर्च इंजिन काढलं. तोपर्यंत वेबवर बॅनर जाहिरातींचा जमाना होता. जाहिरात हजार वेळा दाखवली की अमुक इतके डॉलर, मग ती कोणी बघो न बघो. ग्रॉसने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे सर्चच्या निकालातल्या जागांचा चक्क लिलाव मांडला. दुसरं म्हणजे पैसे घ्यायचे ते फक्त क्लिक झाल्यावर. निकाल विकायचे म्हणजे काय, म्हणून बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, पण धंदा चालला. २००१ मध्ये कंपनीचं नाव ओव्हर्चर झालं आणि २००३ मध्ये याहूने ती सुमारे १६० कोटी डॉलर्सना विकत घेतली.

या लिलावात जो जास्त बोली लावेल तो वर, आणि जितकी बोली तितके पैसे. वर इतरांची बोली सगळ्यांना दिसायची. मग व्हायचं काय, तर दोन स्पर्धक एकमेकांवर सेंट-सेंटने कुरघोडी करत वर चढायचे. एकाला परवडेनासं झालं की तो एकदम खाली उतरायचा, मग दुसराही त्याच्या जेमतेम वर येऊन थांबायचा, आणि पुन्हा चढाई सुरू. हे करायला लोकांनी प्रोग्रॅमही लिहून ठेवले होते. बेंजामिन एडेलमन आणि मायकेल ऑस्ट्रोव्हस्की या अर्थशास्त्रज्ञांनी या बोलींचे आलेख काढले, तर ते करवतीच्या दातांसारखे दिसले.

ही पहिली चूक. क्लिकची किंमत शेजारी किती देतो यावरून ठरवायची. खरं गणित पाचवीतलं आहे. शंभर क्लिकमधून दोन गिऱ्हाइकं मिळत असतील आणि एका गिऱ्हाइकामागे ५०० रुपये सुटत असतील, तर एका क्लिकला १० रुपयांच्या वर देणं म्हणजे पदरमोड. शेजारी २५ देत असेल तर देऊ दे बापडा.

गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ॲडवर्ड्स सुरू केलं तेव्हा साडेतीनशे जाहिरातदार होते, आणि गंमत म्हणजे पैसे जुन्याच पद्धतीने, दाखवण्याचे घेतले जायचे. फेब्रुवारी २००२ मध्ये त्यांनीही क्लिकचा लिलाव आणला, पण दोन सुधारणा करून. नुसत्या बोलीऐवजी बोली गुणिले क्लिक होण्याचं प्रमाण यावरून क्रम लावला. आणि पैसे पूर्ण बोलीइतके न घेता, खालच्याच्या पुढे राहायला लागतील तेवढेच घेतले. त्यामुळे ज्या जाहिरातीवर लोक क्लिक करत नाहीत, ती नुसत्या पैशाच्या जोरावर वर राहणं कठीण झालं. दुसऱ्या चुकीचा दंडही इथेच सुरू झाला. ही चूक म्हणजे कुठल्याही शब्दावर जाहिरात लावणं. केक विकणाऱ्याची जाहिरात 'केकची रेसिपी' शोधणाऱ्याला दिसली, तर एकतर क्लिक होत नाही, आणि झालाच तर फुकट जातो. नको असलेले शब्द वगळायची सोय आहे, पण ती यादी ज्याची त्याने बसून करावी लागते.

मग क्लिकवरचाच विश्वास डळमळला. प्रतिस्पर्धी मुद्दाम क्लिक करून आपलं बजेट संपवतात अशा तक्रारी वाढल्या. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात २००५ साली खटला झाला आणि २००६ मध्ये गूगलने ९ कोटी डॉलर्सपर्यंतची तडजोड केली. शहाणे जाहिरातदार म्हणू लागले, क्लिक नको, विक्री मोजा. जाहिरातीवरून आलेल्या किती लोकांनी खरेदी केली ते बघा. आता तरी प्रश्न सुटला असं वाटतं ना?

नाही. कारण त्यानंतर आली २०१२ सालची ईबेची गोष्ट.

ईबे त्या काळी सर्च जाहिरातींवर अफाट खर्च करायची. तिथल्या थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थतज्ज्ञांनी एक साधा प्रयोग केला. मार्च २०१२ मध्ये 'ईबे' हे नाव असलेल्या शब्दांवरच्या जाहिराती याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर बंद केल्या आणि तुलनेसाठी गूगलवर चालू ठेवल्या. परिणाम? जाहिरातीतून येणारे ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या लिंकवरून तसेच येत राहिले. ज्याने 'ईबे' असं टाइप केलंय तो ईबेकडेच निघालेला असतो हो! त्याला दारातून आत घ्यायला आपण पैसे देत होतो.

मग त्यांनी इतर शब्दांवरच्या जाहिराती अमेरिकेतल्या काही निवडक भागांत बंद केल्या, बाकी ठिकाणी चालू ठेवल्या. नेहमीच्या हिशोबाने या जाहिरातींचा परतावा हजारो टक्के दिसत होता. प्रयोगात तो शून्याच्याही खाली गेला. कारण क्लिक करणारे बहुतेक जण ईबेचे नेहमीचे गिऱ्हाईक होते. नव्या आणि क्वचित येणाऱ्या लोकांवर मात्र जाहिरातीचा खरंच परिणाम होत होता.

यावरून 'जाहिराती म्हणजे थोतांड' असा निष्कर्ष काढू नका. मोटारींची माहिती देणाऱ्या एडमंड्स डॉट कॉमवर तसाच प्रयोग झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जाहिरात बंद केल्यावर तिच्यातून येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक गमावले गेले. ईबे घराघरात माहीत आहे, एडमंड्स तितकी नाही. मग आपल्या मित्राचे क्लासेस कुठल्या गटात? कुठल्याच पुस्तकात त्याचं उत्तर नाही. बंद करूनच बघावं लागेल.

आपण सॉफ्टवेअरवाले हे रोज करतो. एखादी ओळ कशासाठी आहे कळत नसेल तर ती कॉमेंट करून बघतो, काय बिघडतं ते. जाहिरातीचंही तसंच करा. पुण्यात चालू ठेवा, नाशकात महिनाभर बंद करा, आणि आधीच्या महिन्यांशी ताडून बघा. क्लिक मोजू नका, दोन्हीकडची एकूण विक्री मोजा. बजेट अगदीच छोटं असेल तर आकडे इतके कमी असतात की महिन्याभरात फरक कळत नाही. अशा वेळी जास्त दिवस थांबायचं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, "आम्ही तुम्हाला कसे सापडलो?" आपल्याकडचे जुने दुकानदार हे विचारतच आलेत.

फक्त एक लक्षात असू द्या. मोजायची हत्यारं जाहिरात विकणाराच आपल्याला देतो. तो खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. पण 'जाहिरात नसती तर हा माणूस आलाच नसता का?' हा प्रश्न तो आपणहून विचारणार नाही. पैसे आपले आहेत, तेव्हा विचारायला हवा तो आपणच.