दगडी आणि द्राक्षांचा घड

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात संगमनेर, राहाता, राहुरीकडच्या गोठ्यांत ‘दगडी’ हा शब्द शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. गाईची कास सुजते, दगडासारखी कठीण होते, दुधात गाठी येतात. पुस्तकी भाषेत हा कासदाह. तो घडवणारे जंतू अनेक आहेत. त्यांतला एक चिवट जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. माणसाच्या गळवातही पुष्कळदा हाच सापडतो, आणि त्याचा शोधही गळवातच लागला.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जखमेत पू होणे हे त्या काळी अनेक डॉक्टरांना स्वाभाविकच वाटे. ऑग्स्टन यांना मात्र पुवात गोल जंतू दिसले. काहींच्या माळा, काहींचे घोस. तो पू टोचला की उंदरालाही गळू होई; तापवून टोचला तर होत नसे. १८८२ मध्ये त्यांनी घोसवाल्यांना नाव दिले. ग्रीक भाषेत ‘स्टॅफिली’ म्हणजे द्राक्षांचा घड. पुढे १८८४ मध्ये जर्मनीत रोझेनबाख यांनी हे जंतू वेगळे वाढवले. ज्यांच्या वसाहती सोनेरी, ते ‘ऑरियस’.

पण सोनेरीपणा प्रत्येक वाणात दिसतोच असे नाही. म्हणून प्रयोगशाळेत आणखी परीक्षा घेतात. ग्राम यांच्या रंजनपद्धतीत हे जंतू जांभळे दिसतात. वसाहतीतला कण काचपट्टीवर घेऊन त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला की बुडबुडे उसळतात. माळेच्या जंतूंचे तसे होत नाही. शेवटी सशाच्या रक्तद्रवात जंतू मिसळून ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. काही तासांत द्रव साकळला, तर तो बहुधा ऑरियस.

दुधाशी या जंतूचे नाते उघड केले ते फिलिपीन्समध्ये बार्बर यांनी, १९१४ मध्ये. एका गोठ्यातले दूध प्यायले की त्यांना उलट्या-जुलाब होत. गाय वरवर ठणठणीत होती, पण तिच्या कासेत स्टॅफिलोकॉकस होता. ताजे दूध बाधत नसे. उष्ण हवेत काही तास राहिलेले बाधे. बार्बर यांनी हे स्वतः पिऊन पाहिले! जंतू दुधात वाढताना विष सोडतात. उकळल्याने जंतू मरतात, पण एकदा तयार झालेले विष सहसा टिकून राहते. पाठ्यपुस्तकातल्या ‘दूध उकळून प्यावे’ या वाक्याला ही पुस्ती वर्गात अवश्य जोडावी.

१९२८ मध्ये फ्लेमिंग यांच्या ज्या बशीत बुरशी पडली, तिच्यातही स्टॅफिलोकॉकसच वाढवला होता. म्हणजे पेनिसिलिनचा पहिला बळी हाच. १९५५ मध्ये पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्याआधीच इंग्लंड-अमेरिकेतल्या रुग्णालयांत ते पचवणारे वाण आढळले होते. हे वाण एक विकर बनवतात आणि त्याने औषधाचा रेणूच मोडतात. त्यावर तोडगा म्हणून मेथिसिलिन आले. त्यालाही न जुमानणारे वाण १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये नोंदले गेले.

गोठ्यात आज सोपी चाचणी आहे. चारही सडांचे दूध चार कप्प्यांत घेऊन त्यात साबणासारखे एक द्रावण घालतात. मिश्रण बुळबुळीत, घट्ट झाले तर त्या सडाला दाह आहे. कॅलिफोर्नियातील ही १९५७ ची युक्ती. मात्र ती जंतूचे नाव सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जायला हवा, आणि अहवाल यायला दोन-तीन दिवस. तडफडणारी गाय समोर असताना तेवढा धीर कोणाला धरवणार? सुई आधी टोचली जाते आणि नमुना राहून जातो. मग औषध लागू न पडता सड निकामी होतो, आणि धार काढणाऱ्याच्या हातांनी जंतू पुढच्या गाईकडे जातो. म्हणून दगडीच्या गाईची धार सर्वांत शेवटी काढावी. औषध चालू असेपर्यंत, आणि त्यानंतरही पशुवैद्य सांगतील तितके दिवस, तिचे दूध डेअरीला घालू नये. ते विरजले तर दहीही नीट लागत नाही, कारण विरजणातले जंतूसुद्धा त्या औषधाने मरतात.