दातवण आणि दातांची तार

सुरतेच्या बाजारात कडुनिंबाच्या व बाभळीच्या काड्यांच्या जुड्या विकावयास येतात. गुजराती माणूस त्यांस दातण म्हणतो. खानदेशातून येऊन लिंबायत-उधना भागांत स्थायिक झालेला मराठी माणूस दातवण म्हणतो. ह्याच शहरात आज शाळकरी मुलामुलींच्या दातांवर बारीक तार चमकताना दिसते. काडी जुनी आणि तार नवी; परंतु तारेला काडीमागचे शहाणपण विसरून चालत नाही, असेच दोहोंचा इतिहास सांगतो.

हे शहाणपण फार प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत दातवणाची काडी बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ व बिनगाठीची असावी असे म्हटले आहे. कडू झाडांत निंब आणि तुरट झाडांत खैर श्रेष्ठ मानला आहे. चरकसंहितेने दिवसातून दोन वेळा दात घासण्यास सांगितले, आणि ते करताना हिरड्यांस इजा होऊ न देण्याची सूचनाही दिली. दातांइतकीच हिरड्यांची काळजी घेण्याचा हा विचार आजच्या दंतवैद्यासही मान्य व्हावा.

वाकडे दात सरळ करण्याची कला त्यामानाने अर्वाचीन होय. १७२८ साली पिएर फोशार ह्या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात धातूची पट्टी दातांस दोऱ्याने बांधून त्यांना रांगेत आणण्याची रीत वर्णिली. १८९९ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड अँगल ह्यांनी वेड्यावाकड्या दातांचे वर्गीकरण केले व ह्या विद्येस शास्त्राचे रूप दिले. भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद ह्यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले; दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली.

तारेचा सौम्य दाब सतत पडत राहिला म्हणजे दाताच्या एका बाजूचे हाड झिजते, दुसऱ्या बाजूस नवे भरते आणि दात हळूहळू सरकतो. ह्या कामास बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. तेवढ्या काळात तारेच्या आडोशाला अन्नकण साचतात. तोंडातील जंतू त्यांतील साखरेचे आम्ल करतात, आम्लाने दाताच्या वरच्या आवरणातील क्षार निघून जातात व तेथे खडूसारखे पांढरे डाग पडतात. निष्काळजीपणा झाल्यास असे डाग चार आठवड्यांतही दिसू लागतात. हिरड्या सुजतात, घासताना रक्त येते. दात सरळ झाले आणि डागाळले, तर खर्च व कष्ट केल्याचे समाधान कोठून मिळणार?

पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवीत. त्याखाली कीड लागली तरी ती लवकर कळत नसे. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर ह्यांनी दाखवून दिले, की फॉस्फोरिक आम्लाने दाताचा पृष्ठभाग खरखरीत केल्यास कृत्रिम राळ त्यास घट्ट चिकटते. ह्या शोधामुळे पुढे कड्यांऐवजी लहान टिकल्या दातांवर चिकटविता येऊ लागल्या. घाण साचण्याच्या जागा कमी झाल्या, पण नाहीशा झाल्या नाहीत.

म्हणून सुरतेचा हिवाळ्यातील पोंक किंवा चांदनी पडव्याची घारी खाल्ल्यावर तार लावलेल्या मुलाने खळखळून चूळ भरावी आणि ब्रशाने दात घासावेत. टिकलीच्या वर, खाली आणि हिरडीच्या कडेला मऊ ब्रश फिरावा. तारेखालून जाणारा चिमुकला ब्रश व फ्लुओराइडयुक्त पेस्ट वापरावी. काडी चावण्याने टिकली निखळण्याचा संभव असल्याने उपचार चालू असेतो दातवण बाजूस ठेवणे बरे. रक्त दिसले म्हणून घासणे थांबवू नये. हलक्या हाताने चालू ठेवावे व दंतवैद्यास दाखवावे.

१९९४ च्या प्लेगनंतर सुरत शहर स्वच्छ झाले, ते एका दिवसाच्या मोहिमेने नव्हे, तर रोजच्या झाडलोटीने आणि देखरेखीने. तारेआडच्या दातांचेही तसेच आहे. साधन बदलले तरी दोन वेळांचा जुना नियम आणि हिरड्यांना जपण्याची सूचना कायमच आहे.